तिसऱ्या थ्रेशरचा दांडा

अनसिंग, जि. वाशिम
६ नोव्हेंबर २०२३

धम्मपाल,

जय भीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची रीत आहे, पण या वेळी हात धजत नाही, तेव्हा नुसत्या जय भीमवर भागव. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस हे मला लिलाकाकूच्या फोनवरून तुला लावल्यावर कळलं. तुझ्या आईचा फोन म्हणून पहिल्याच घंटीला उचललास आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणून हा कागद.

आपल्या कंपनीने पंख्याची छोटी विमानं काढून टाकली. हैदराबादच्या हँगरमधून शेवटचं विमान मीच तपासून सोडलं आणि सामान बांधून घरी आले. याचं वाईट वाटतं, पण त्याचा राग नाही. कंपन्या विमानं घेतात आणि विकतात. राग आहे तो तुझा. इतकी वर्षं मी त्या विमानांची इंजिनं आणि चाकं बघत होते. माझी सही झाल्याशिवाय त्यातलं एकही उडत नव्हतं. आणि तू त्याच कंपनीच्या गुरुग्रामच्या कचेरीत बसून कुठली विमानं ठेवायची आणि कुठली मोडीत काढायची ते ठरवत होतास. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्या विमानांत तू एकदाही बसला नाहीस. मोठ्या विमानाने नागपूरला उतरायचं आणि पुढे गाडी करून अनसिंगला यायचं, ही तुझी रीत. तीही वर्षातून एकदा, पाहुण्यासारखी.

तेही सोडून दिलं असतं. पण आम्हा सगळ्या इंजिनिअरांना तुझ्या सहीचं परिपत्रक आलं. यापुढे एकाच बनावटीची जेट विमानं ठेवायची आणि जुन्या विमानांच्या इंजिनिअरांना त्यांचं प्रशिक्षण द्यायचं नाही. का, तर 'ज्यांनी दीर्घकाळ एका यंत्रावर काम केले आहे त्यांच्या हाताला सवय जडते, आणि दुसऱ्या यंत्रावर तीच सवय घात करते.' बाकीच्यांनी हे वाक्य वाचून बाजूला ठेवलं. मला मात्र तो हात कोणाचा हे लगेच कळलं.

आमच्या लायसन्सचा कायदा तुला ठाऊक आहे. मागच्या दोन वर्षांत सहा महिने विमानावर काम झालेलं नसेल तर ते मरतं. प्रशिक्षण नाही तर काम नाही, काम नाही तर लायसन्स नाही. माझ्याजवळ आयुष्यात स्वतःचं असं तेवढंच आहे. मी भीक मागत नाही. त्या वाक्यात तुला काय म्हणायचं होतं ते तोंडावर सांग, एवढंच मागते.

रूपाताई

गुरुग्राम
२१ नोव्हेंबर २०२३

रूपाताई,

जय भीम. कागदावरच उत्तर देतो, कारण फोनवर पाठवलेलं तू घरभर दाखवतेस. माझा मागचा संदेश आईपासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांनी वाचला होता. नंबर त्याच दिवशी अडवला.

आधी कामाचं. दोन बनावटींची विमानं ठेवली की सगळंच दोन-दोन लागतं. वैमानिक दोन तऱ्हेचे, सुटे भाग दोन तऱ्हेचे, शिकवणारेही दोन तऱ्हेचे. मोठ्या विमानाचा वैमानिक तापाने पडला तर छोट्याचा त्याच्या जागी बसवता येत नाही. एकच बनावट असली की कुठलंही विमान कुठेही लावता येतं, आणि एक आजारी पडलं तर त्याचा भाग काढून दुसऱ्याला घालता येतो. हे मी कॉलेजात शिकलो नाही. तुझ्या वडिलांनी, आबांनी, मळणीचे दोन थ्रेशर मुद्दाम एकाच बनावटीचे घेतले होते तेव्हा हेच सांगितलं होतं. त्या माणसाचं शहाणपण मी घेतलं. तू फक्त त्यांचं नाव घेतेस.

आता तोंडावर सांग म्हणालीस, तर ऐक. आपल्याकडे गावोगाव मळणीला फिरणारे तीन थ्रेशर होते. एका बनावटीच्या त्या दोघांचा दांडा खाली ओढला की मशीन बंद. तिसरं जुनं, वाशिमच्या बाजारातून उचललेलं. त्याचा दांडा खाली ओढला की मशीन सुरू. किन्हीराजा गावच्या शेतात सोयाबीन काढताना माझ्या बाबांनी त्या तिसऱ्याचा दांडा वर करून ते बंद केलं आणि अडकलेला पाला काढायला आत हात घातला. ट्रॅक्टर धडधडत होता. तू पलीकडून आलीस, दांडा वर दिसला, आणि दुसऱ्या दोन मशीनच्या सवयीने तुला वाटलं की हे चालूच आहे. बाबांना वाचवायला म्हणून तू दांडा खाली ओढलास.

तू वाईट मनाने केलंस असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. मला नेमकं हेच तर सांगायचं आहे. हेतू चांगला असला तरी हात सवयीचाच असतो. तिन्ही थ्रेशर एकाच बनावटीचे असते तर खेमा नावाच्या माणसाला आज दोन हात असते आणि मला भाकरी मोडून देणारा बाप असता. सुट्टीला घरी आलो की मोडून मीच त्यांना देत आलो. यापेक्षा मोठी कुठलीही विद्या मी शिकलो नाही.

वाक्य तुझ्याबद्दल आहे का? आहे. आणखी पुष्कळांबद्दल आहे. नात्यातली म्हणून मी तुझं नाव वर काढलं नाही, आणि नात्यातली म्हणून खालीही ढकललं नाही. नियम सगळ्यांना लागला, तुलाही लागला.

आणि तुझ्या सहीच्या विमानात मी बसलो नाही, हे खरं आहे. बसणारही नाही.

धम्मपाल

अनसिंग
१५ जानेवारी २०२४

धम्मपाल,

जय भीम. हे पत्र मी कितीदा तरी मनात लिहिलं. दर वेळी त्यात अशा शिव्या यायच्या की आबा असते तर त्यांनी मला अंगणाबाहेर काढलं असतं. आता तूर निघायला लागली आहे आणि दिवसभर थ्रेशरवर उभी असते, तेव्हा अंगात शिव्यांपुरतंही बळ उरत नाही. त्यामुळे नीट लिहिते.

त्या दिवसाचं तू सगळं बरोबर लिहिलंस. एक शब्द इकडे तिकडे नाही. पण तुझी गोष्ट तिथेच संपते, कारण काका दवाखान्यातून यायच्या आधीच तुला अकोल्याला मामाकडे शाळेत धाडलं. पुढचं तू पाहिलं नाहीस आणि कधी विचारलंही नाहीस.

गावातले सगळे म्हणाले, तिसरं थ्रेशर भंगारात द्या. लिलाकाकूने तर त्याच्यावर दगड मारला होता, त्याचा पोचा अजून पत्र्यावर आहे. आबांनी ते विकलं नाही. विकायला निघाले तेव्हा खुद्द काकांनीच अडवलं. त्यांनी सांगितलं की मशीनला काही कळत नसतं, माणसाने माणसाकडे पाहायला हवं होतं आणि आपण कोणीच पाहिलं नाही. मग आबांनी नियम घातला. कुठलंही थ्रेशर सुरू करायच्या आधी भोवती असतील त्या सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे. दांड्यावरच्या माणसाने एकेकाच्या तोंडाकडे आणि हातांकडे बघायचं. एक जरी हात दिसला नाही तरी दांड्याला शिवायचं नाही. नवीन मजूर पहिल्या दिवशी हसतात, नंतर हसत नाहीत, कारण काकाही हात वर करतात. एक हात आणि एक कोपर.

त्या पुढच्या हंगामात आबांनी दांड्यावर मलाच उभं केलं, त्याच तिसऱ्या थ्रेशरवर, आणि समोर काका. माझ्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. काका म्हणाले, "पाह्य माह्याकडं. हात दिसला का माहा? मंग कर चालू."

मी चालू केलं. मी विमानाच्या कामात गेले ती त्या दिवसामुळे. हँगरमधून विमान सोडताना मी त्याच्या समोर उभी राहून दोन्ही हात वर करायची. तसा कुठे नियम नाही. वैमानिकांना वाटायचं बाई निरोप देते आहे. तुझ्या बापाच्या हाताचं मी इतकी वर्षं हे केलं, आणि तू त्या हाताचं परिपत्रक केलंस.

तू म्हणतोस वेगळं मशीन फेकून द्या म्हणजे चूक होणार नाही. आबा म्हणत, वेगळं मशीन राहू द्या आणि एकमेकांकडे बघा. या दिवाळीला पाऊस लांबून सोयाबीन ओलं होतं. तुझ्या लाडक्या एका बनावटीच्या दोन्ही थ्रेशरची एकाच जागची जाळी एकाच आठवड्यात फाटली. रिठदच्या लोकांचं पीक तिसऱ्यानेच काढलं. यातून तुला काही शिकवायचं नाही, तू मोठा आहेस.

तुझी शिफारस मला नको. दिलीस तरी घेणार नाही. लिलाकाकूची औषधं मी वाशिमहून आणून देते, काकांची भाकरीही मोडून देते. ते तुझ्यासाठी करत नाही.

रूपा

गुरुग्राम
११ मार्च २०२५

रूपाताई,

जय भीम. वर्षभर मी तुला उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतंच. आजही कंपनीच्या कामासाठी लिहितो आहे, हे आधी स्पष्ट करतो.

बातम्यांत आलंच आहे. आमच्या जेट विमानांच्या इंजिनात एक चकती असते, तिच्या धातूत दोष निघाला. विमानं एकाच बनावटीची, इंजिनंही एकाच बनावटीची, तेव्हा चकतीही सगळ्यांत तीच. इंजिनं उतरवून तपासून होईपर्यंत अर्ध्याहून जास्त विमानं जमिनीवर उभी आहेत. रोज विमानतळांवर लोक आमच्या पोरापोरींच्या अंगावर धावून जातात. तू खुश हो. तो तुझा हक्क आहे, आणि तुझ्या जागी मी असतो तर झालो असतो.

जवळच्या मार्गांसाठी कंपनी पंख्याची जुनी विमानं भाड्याने आणते आहे. ती हैदराबादला उतरतील. त्यांच्यावर सही करू शकतील असे इंजिनिअर मिळत नाहीत, जे होते ते आखाती देशांत गेले. तुझं लायसन्स एप्रिल संपेपर्यंत जिवंत आहे. त्याच्या आत तू कामावर आलीस तर ते मरणार नाही. नेमणुकीचं पत्र सोबत आहे. त्यावर माझी सही नाही, मी ती मुद्दाम दुसऱ्याची घेतली.

माझं मत बदललं असं समजू नकोस. एक बनावट ठेवणं बरोबरच होतं, चकती चुकीची निघाली. दोन बनावटी ठेवल्या असत्या तर आम्ही दरवर्षी थोडं थोडं बुडत गेलो असतो. आता एकदम बुडतो आहोत, एवढाच फरक. तुझ्या थ्रेशरच्या जाळ्या मला आठवल्या नाहीत असं नाही. पण शेतातल्या तीन मशीनवरून विमान कंपनी चालत नाही.

येतेस की नाही तेवढं कळव.

धम्मपाल

अनसिंग
१९ मार्च २०२५

धम्मपाल,

जय भीम. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं तुझं पत्र आहे. गरज सरो, वैद्य मरो हे तुमचं करून झालं. आता गरज परत आली तर त्याच वैद्याला चितेवरून उठवायला निघालात.

पण मी खोटं बोलणार नाही. मला ते काम हवं आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात थ्रेशरला ग्रीस भरत होते आणि हात न पुसताच पाकीट फोडलं. थ्रेशरवर मानाने जगता येतं, इथे मला लोक आदराने बोलावतात. तरी वर विमानाचा आवाज आला की मी मान वर करते आणि कुठल्या जातीचं आहे ते ओळखेपर्यंत खाली बघत नाही. लायसन्स मेलं तर मला मरेपर्यंत तसंच मान वर करून बघावं लागेल. हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही, राग येतो, कारण सांगायला समोर तूच आहेस.

येईन. माझी एकच अट आहे. मी सही केलेलं पहिलं विमान निघेल त्यात तू बसायचं. कचेरीतला दुसरा कोणी नाही, तू. हे कंपनीला सांगू नकोस, नेमणुकीत लिहू नकोस. तू बसला नाहीस तर त्याच दिवशी मी हँगरमधून निघून येईन आणि लायसन्स मरू देईन. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

आणि ते वाक्य मागे घे असं मी म्हणत नाही. खोटं नाही ते, अर्धं आहे. हाताला सवय जडते, हे तू लिहिलंस. मग काय करायचं, ते लिहिलं नाहीस.

काकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि उठून गेले.

रूपा

हैदराबाद
१२ एप्रिल २०२५

रूपाताई,

जय भीम. परत आल्यावर हे तुला हँगरमध्येच सांगता आलं असतं, पण तू तिथे माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, म्हणून मीही बोललो नाही. कागदच बरा.

मी येईन असं तुला वाटलं नव्हतं. मी जिना चढलो तेव्हा तू कागदावरून मान वर केलीस आणि तुझ्या चेहऱ्यावर ते दिसलं. खरं सांगायचं तर आदल्या दिवसापर्यंत मलाही वाटलं नव्हतं. मी घाबरलो होतो. जागा खिडकीजवळची होती, बरोबर पंख्याच्या मागची, आणि दारं लागल्यावर मला किन्हीराजाचं शेत दिसायला लागलं. बाबांचं ओरडणं मी ऐकलं नव्हतं, मी तेव्हा शाळेत होतो. तरी ते ऐकू आलं.

विमान थोडं वळलं तेव्हा तू दिसलीस. कानांवर ते मोठे डबे घालून, दोन्ही हात वर करून उभी. तू विमानाच्या नाकाकडे बघत होतीस, मग मागे एकेक खिडकी बघत आलीस. वैमानिकाने अंगठा दाखवला असेल, ते मला दिसत नव्हतं. पण तू हात खाली घेत नव्हतीस. मला वाटलं, कोणीतरी उत्तर द्यायला हवं, नाहीतर ही बाई आपल्याला सोडणार नाही. मी हात वर केले. दोन्ही. शेजारचे गृहस्थ विचारायला लागले की वरून सामान काढायचं आहे का.

तुला ते दिसलं की नाही ते माहीत नाही. काच लहान होती.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. विमान उतरलं तेव्हा मी तपासून पाहिलं, तो जागेवरच होता. वाक्यही पुरं केलेलं नाही. मोठ्या साहेबांच्या बैठकीत आपल्या अंगणातली गोष्ट कशी सांगायची ते मला सुचत नाही. आणि पुढच्या वर्षी चकत्या बदलून झाल्या की ही विमानं परत जातील. तो निर्णयही माझ्याच टेबलावरून जाणार आहे. आताच सांगून ठेवतो.

नंबर मोकळा केला आहे. हा कागद तू घरभर दाखवलास तरी चालेल.

धम्मपाल

अनसिंग
४ मे २०२५

धम्मपाल,

जय भीम. चार दिवसांच्या सुट्टीला आले आहे. फोन करणार नाही, तेव्हा नंबर मोकळा केल्याचं कौतुक सांगू नकोस.

लायसन्स जिवंत राहिलं. त्याबद्दल आभार मानायचे असतील तर मी त्या चकतीचे मानेन. विमानं परत पाठवशील तेव्हा मी पुन्हा असंच पत्र लिहीन, आणि त्या वेळी त्यातल्या शिव्या काढणार नाही.

कागद दाखवला. लिलाकाकू रडली. काकांनी मला दोनदा वाचायला लावलं, मग विचारलं, "दोनी हात वर केले म्हंते का तो?" मी म्हटलं, लिहिलं तर तसं आहे. मला खिडकीतून दिसलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते उठून तिसऱ्या थ्रेशरपाशी गेले. मग म्हणाले, "सोयाबीनच्या वक्ताले ये म्हना त्याले. दांड्यावर तोच राहील उभा. सामने मी राह्यतो."

मी काकांना सांगितलं की हा माणूस यायचा नाही, याला बैठका असतात. मला खोटं पाडायचं असेल तर ये. येशील तर एक नीट लक्षात ठेव. दुसऱ्या दोन मशीनवर तू लहानपणी खेळला आहेस, तुझ्या हाताला त्यांची सवय आहे. तिसऱ्याचा दांडा खाली ओढला की ते सुरू होतं.

रूपाताई